स्थानकालगतचा पैसा आणि शहराची क्षमता : उज्जैनचा मागोवा

उज्जैनमध्ये दळणवळणाच्या सोयींभोवती पैसा वेळोवेळी आला. परंतु तो हाती घेऊन त्यातून रहिवाशांच्या पदरात काही टिकाऊ टाकील अशी स्थानिक संस्था मात्र त्या प्रमाणात उभी राहिली नाही, असे गेल्या दीडशे वर्षांच्या वाटचालीवरून दिसते. येथे स्थानिक क्षमता म्हणजे केवळ निधी नव्हे. प्रकल्पाचा आराखडा स्वतः तयार करणे, जमिनीच्या नोंदी अद्ययावत ठेवून मालकांशी बोलणी करणे, स्वतःच्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढून ते फेडणे आणि उभारलेली मालमत्ता चालती ठेवणे ही कामे नगरसंस्थेला जमणे, असा तिचा अर्थ आहे.

राणोजी शिंदे यांच्या काळात शिंदेशाहीची राजधानी असलेल्या या शहरातून दौलतरावांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलवली आणि निर्णयाचे केंद्र कायमचे बाहेर गेले. पुढे रेल्वे आली तीही दरबारी भांडवलाच्या आधाराने. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी एक कोटी, तर जयाजीराव शिंदे यांनी इंदूर–नीमच मार्गासाठी ७५ लाख रुपये इंग्रज सरकारला कर्जाऊ दिले. या मार्गांच्या जाळ्यात फतेहाबादहून निघालेल्या शाखेने उज्जैन जोडले गेले आणि १८९६ मध्ये भोपाळकडील मार्गही सुरू झाला. पैसा देशी होता, पण त्याचे व्याज दरबाराला मिळे. रेल्वेमुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीतला वाटा शहराकडे वळवणारी यंत्रणा नव्हती. रेल्वेच्या सोयीवर वाढलेल्या कापड गिरण्यांनी रोजगार दिला खरा, मात्र १९९६ मध्ये बिनोद मिल बंद पडल्यावर कामगारांच्या देण्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि गिरणीच्या जमिनीचे काय करावे हा प्रश्नही त्याच वादात अडकून पडला.

डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात उज्जैनचा समावेश झाला. तेव्हा सुमारे सव्वाचार लाख लोकसंख्येच्या या शहराला लहान शहरांचे सूत्र लागू होते, म्हणजे केंद्राचे ८० टक्के, राज्याचे १० आणि नगरसंस्थेचे १०. हे सूत्र उदार होते, परंतु ज्या संस्थेला दहावा हिस्साच उभारायचा असतो तिला कर्जबाजारात पत कमवण्याची निकड भासत नाही. अवघ्या ५५ किलोमीटरवरच्या इंदूरने, त्याच राज्यात आणि त्याच कायद्याखाली, वेगळी वाट धरली : शहर बससेवेसाठी २००५ मध्येच कंपनी काढली, २०१८ मध्ये रोखे बाजारात आणले आणि २०२३ मध्ये सौरऊर्जेसाठी २४४ कोटींचे हरित रोखे सामान्य गुंतवणूकदारांनाही विकले. (इंदूरचेही सारे साधले असे नाही, तेथील जलद बसमार्ग हटवण्याचा आदेश २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिला.)

२०१६ मध्ये उज्जैन स्मार्ट सिटी अभियानात आले. या अभियानाने काम महानगरपालिकेकडे न सोपवता राज्य आणि पालिका यांच्या समान भागीदारीच्या स्वतंत्र कंपनीकडे दिले, त्यामुळे कामाला वेग आला, पण अनुभव कंपनीत साचला आणि अभियान मार्च २०२५ मध्ये संपले. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी लोकार्पण झालेल्या, महाकालेश्वर मंदिरालगतच्या महाकाल लोक या परिसराने भाविकांची संख्या वाढवली. रेल्वे स्थानकापासून मंदिरापर्यंत सुमारे पावणेदोन किलोमीटरचा रोपवेही मंजूर झाला. स्थानकांभोवतीच्या विकासाबाबतच्या २०१७ च्या राष्ट्रीय धोरणानुसार स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटरच्या, म्हणजे चालत जाता येईल अशा पट्ट्यात घरे, दुकाने आणि कामाच्या जागा दाटीने वसवायच्या आणि तेथे वाढलेल्या जमीनमूल्याचा काही भाग सार्वजनिक सोयींसाठी घ्यायचा. यालाच वाहतूककेंद्री विकास म्हणतात. उज्जैनला या धोरणातील दाटी आपसूक मिळते आहे. उरतो तो मूल्यातील वाट्याचा भाग, आणि नेमका तोच शहराच्या आवाक्याबाहेर राहिला आहे.

या उणिवेची खरी कसोटी सिंहस्थ कुंभमेळ्याच्या जमिनीवर लागली. दर बारा वर्षांनी शेतकऱ्यांची जमीन काही महिन्यांसाठी मोबदला देऊन घ्यायची आणि मेळा संपल्यावर परत करायची, ही जुनी रीत. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैन विकास प्राधिकरणाने तिच्याऐवजी लँड पूलिंग, म्हणजे मालकांची जमीन एकत्र करून रस्ते आणि सोयी उभारायच्या आणि उरलेला विकसित भाग त्यांना परत द्यायचा, अशी योजना सुमारे २,३७८ हेक्टरांवर आखली. कागदावर ती चांगली होती. जमीन सक्तीने संपादित करण्यापेक्षा तर निश्चितच. परंतु परत मिळणाऱ्या भूखंडाची किंमत खरोखर वाढेल, हा विश्वास आधी लहान योजनांतून कमवावा लागतो आणि तो कमावलेला नव्हता. मुख्यमंत्री मोहन यादव स्वतः उज्जैनचे आणि याच प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष. विरोधात उतरलेला भारतीय किसान संघही सत्ताधाऱ्यांच्याच वैचारिक परिवारातला. तरीही २०२५ च्या अखेरीस योजना मागे घ्यावी लागली, यावरून व्यक्तीचा अनुभव हा संस्थेच्या विश्वासार्हतेला पर्याय ठरत नाही हे उघड झाले.

शहरात नागरी सहकारी बँका आहेत, म्हणजे स्थानिक बचत आहे. पण ती दुकाने, घरे आणि लहान उद्योगांच्या कर्जांत फिरते आणि स्थानकालगतच्या वस्तीसुधारणेपर्यंत तिला नेणारे रोख्यांसारखे साधन पालिकेने उभारलेले नाही. इंदूर–उज्जैन मेट्रोचा प्रस्ताव आता पुढे आहे. तिच्या स्थानकांच्या जागा ठरून जमिनीचे भाव चढण्यापूर्वी महानगरपालिकेने आसपासच्या भूखंडांची पाहणी करून मालकांशी आणि भाडेकरूंशी बोलणी सुरू करावीत. त्यासाठी केंद्राच्या नव्या अभियानाची वाट पाहण्याचे कारण नाही.