आधी भिंतीवर, मग खिशातून: कार्टूनवाल्यांची गोष्ट बनवायची पद्धत

आज धंद्याचा एक धडा थेट कार्टूनच्या स्टुडिओतून घेऊ.

आधी हिशोब बघा. फिल्मच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं, तरी एका पात्राच्या एका मिनिटाला ७२० चित्रं झाली, आणि तीही हातानं काढलेली. एवढं काम झाल्यावर कळलं की विनोदावर कुणी हसतच नाही, तर? मजुरी पाण्यात. म्हणून चूक स्वस्तात कशी पकडायची, हे या लोकांना शिकावंच लागलं.

१. स्टोरीबोर्ड. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत प्रसंगांची छोटी चित्रं वेगवेगळ्या कागदांवर काढून बोर्डावर टाचणीनं लावायला लागले. याचं श्रेय वेब स्मिथ यांना दिलं जातं. फायदा काय? अख्खी गोष्ट एका नजरेत दिसते. कागद पुढे-मागे करता येतो, नको असला तर काढून टाकता येतो. खर्च फक्त एका कागदाचा.

२. गॅगला बक्षीस. 'स्नो व्हाइट'च्या वेळी वॉल्ट डिस्नेंनी चांगल्या गॅगला, म्हणजे विनोदी कल्पनेला, ५ डॉलर देऊ केले. पलंगाच्या कडेवरून बुटक्यांची नाकं एकेक करून वर येतात ना, ती कल्पना वॉर्ड किंबल या तरुण ॲनिमेटरची. त्याला ५ डॉलर मिळाले.

३. 'नाही' म्हणायला बंदी. वॉर्नर ब्रदर्सचे दिग्दर्शक चक जोन्स यांनी त्यांच्याकडच्या बैठकांबद्दल लिहिलंय. नवी कल्पना मांडली की पहिल्या बैठकीत कुणीही 'हे जमणार नाही' म्हणायचं नाही. भर घालता येत असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा. चिरफाड नंतर.

४. मग मात्र कात्री. पेन्सिलचं कच्चं काम फिल्मवर घेऊन डिस्नेकडे एका छोट्या कोंदट खोलीत बघायचे. तिचं नावच 'स्वेटबॉक्स', म्हणजे घाम फोडणारी खोली! किंबलनं कित्येक महिने खपून बुटक्यांचा सूप पिण्याचा प्रसंग केला होता. विनोदी होता, पण गोष्ट रेंगाळत होती. डिस्नेंनी तो काढून टाकला. शाई आणि रंगाचा खर्च व्हायच्या आधीच. किंबल इतका नाराज झाला की नोकरी सोडायला निघाला होता. पण १९३७ साली आलेल्या त्या सिनेमाला सुमारे १५ लाख डॉलर लागले होते, वॉल्टनी घरही गहाण ठेवलं होतं. तिथं लाड परवडणारे नव्हते.

आता तुमचं बघू. समजा पोळी-भाजी केंद्र काढायचंय. गाळ्याचं डिपॉझिट भरायच्या आधी १५ कोरे कागद घ्या. गिऱ्हाईक बोर्ड बघतं, आत येतं, भाव विचारतं, थांबतं, पैसे देतं, डबा घेऊन जातं. एका कागदावर एकच गोष्ट. भिंतीवर चिकटवा. घरच्यांना बोलवा. पहिला तासभर 'नाही' बंद. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कागदापुढे उभं राहून विचारा, "हे काढलं तर गिऱ्हाईकाचं काही अडेल का?" अडत नसेल तर काढा, तुम्हाला कितीही आवडत असलं तरी.

आणि ज्यांची कल्पना उतरवली, त्यांना कारण सांगा. किंबलला वॉल्टनी पुढे 'पिनोकियो'मधलं जिमिनी क्रिकेट हे पात्र दिलं. तो थांबला, आणि पुढे स्टुडिओच्या नामवंत ॲनिमेटरांपैकी एक झाला. कल्पना काढायची, माणूस नाही.