दत्तक पुत्र आणि परदेशची वाट

आमच्या छत्रपती संभाजीनगरातील एका स्नेह्यांच्या विलायतस्थ धाकट्या बंधूंनी पुतण्यास मांडीवर घेतले. होम झाला, दत्तकपत्र नोंदले, भोजने उठली. परंतु व्हिसासाठी तो कागद चालेना!

दत्तहोमावाचूनही दत्तक वैध ठरते, असे 1956 चा हिंदु दत्तक कायदा सांगतो. पण मूल समुद्रापार न्यावयाचे तर दोन राष्ट्रांची संमती हवी. यासाठी झालेला 1993 चा हेग करार भारताने 2003 साली स्वीकारला. तदनुसार दांपत्याची गृहचौकशी परदेशी संस्थेने करावयाची, जन्मदात्यांची येथील जिल्हा बाल संरक्षण कक्षाने. पाच वर्षांवरील बालकाचीही संमती लागते. 2022 पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मागाहून दिल्लीच्या ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र. पुढेही दोन वर्षे बालकाच्या कुशलाचे अहवाल येत राहतात.

स्नेही त्रासून म्हणाले, “मास्तर, घरच्याच मुलासाठी एवढे सोपस्कार?”

मी म्हटले, “अहो, मुलगी देताना आपण चार ठिकाणी चौकशी करतोच ना? परमुलुखात त्याचे रडे ऐकावयास आजी जवळ नसेल; तेथे हे कागदच त्याचे वडीलधारे.”

परदेशस्थ आप्तांनी मुहूर्तापूर्वी कचेरीची वाट धरावी, हेच श्रेयस्कर.