रक्त आणि सिलिकॉन

काचेच्या नळीत घेतलेलं रक्त काही मिनिटांतच गोठतं. त्याच काचेवर आतून सिलिकॉनचा पातळ थर दिला, तर रक्त गोठायला कितीतरी जास्त वेळ लागतो. काच रक्तातल्या बाराव्या गोठणघटकाला जागं करते. सिलिकॉन त्याला फारसं डिवचत नाही. 1960 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये अल्बर्ट स्टार यांनी माणसाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली, तेव्हा पिंजऱ्यात वरखाली होणारा तिचा चेंडू सिलिकॉन रबराचाच होता.

तरीही रक्त त्याला आपलं मानत नाही. सिलिकॉन पाणी झटकतं, आणि अशा पृष्ठभागावर रक्तातली प्रथिनं काही सेकंदांत येऊन बसतात. रक्ताचे अभ्यासक लिओ व्रोमान यांनी (हा माणूस डच भाषेतला मोठा कवीही होता, हे मला फार आवडतं) दाखवलं, की आधी बसलेली प्रथिनं टिकत नाहीत. मागून येणारी त्यांना हटवून जागा घेतात. त्यांतलं फायब्रिनोजेन तिथे चिकटलं, की प्लेटलेट त्याला धरतात आणि गुठळीची सुरुवात होते. म्हणजे सगळा निकाल लागतो तो केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ अशा थरात!

मग तेवढा थर बदलावा, तर सिलिकॉन स्वतःच आडवं येतं. ऑक्सिजन प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, मारा करून पृष्ठभाग पाणी धरणारा करता येतो. पण आतले लवचीक रेणू हळूहळू वर सरकतात आणि काही दिवसांत तो पुन्हा पाणी झटकू लागतो. म्हणून नवा लेप रासायनिक बंधांनी पक्का बांधावा लागतो. कुणी रक्त गोठू न देणारं हेपारिन बांधतं. जपानचे काझुहिको इशिहारा यांनी तर आपल्या पेशींच्या बाह्य आवरणातल्या फॉस्फोरिलकोलिनचीच नक्कल असलेलं पॉलिमर विकसित केलं. त्यात धन आणि ऋण भार शेजारी शेजारी असतात, भोवती पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना टेकायला जागाच उरत नाही. मला ही वाट सगळ्यांत सुंदर वाटते.

आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर मात्र याच्याही पुढे आहे. ते जिवंत आहे. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटना सतत शांत ठेवतं. त्याची बरोबरी करणारा लेप अजून कुणाला जमलेला नाही, म्हणून यांत्रिक झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकू देऊ नका.