पाठपिशवीतली मीटरभर नळी

जंगलात जाणाऱ्याच्या पाठपिशवीत चाकू, काडेपेटी, दोरी, बॅटरी हमखास सापडते. मीटर-दीड मीटर लवचिक नळी मात्र क्वचितच असते. बुलढाणा जिल्ह्यात फिरणाऱ्यांनी तरी ती ठेवावी.

तिथले ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे, शुष्क पानझडीचे. उन्हाळ्यात नाले आटले की खडकाच्या कपारीत ओंजळभर पाणी उरते. तिथे बाटली शिरत नाही, नळी शिरते. अर्थात त्या पाण्यावर जनावरांचा हक्क आधीचा. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला ‘टी१सी१’ वाघ २०१९च्या अखेरीस याच जंगलात येऊन थांबला होता. तेव्हा वन खात्याची परवानगी आणि पुरेसे पाणी घेऊनच आत जावे. नळी अडचणीपुरती.

कपारीतले पाणी थेट तोंडाने ओढणे धोक्याचे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून इथे नारू पसरत असे. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९९६मध्ये राजस्थानात आढळला आणि २०००मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. सुदानमध्ये याच रोगाविरुद्ध कार्टर सेंटर या संस्थेने एक साधी वस्तू लाखोंनी वाटली: बोटभर नळी, आत बारीक जाळी, गळ्यात अडकवायला दोरी. भटक्या गुराख्याने वाटेतल्या डबक्यावर वाकायचे आणि नळीतून प्यायचे. नारूच्या अळ्या वाहणारे सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जलजीव जाळीत अडकतात. जिवाणू आणि विषाणू मात्र त्या जाळीतून सहज निसटतात. म्हणून आपल्याकडे नळीच्या जोडीला क्लोरिनच्या गोळ्या हव्यात, किंवा पाणी उकळायची सोय.

गढूळ पाण्यासाठी नळी फारच कामाची. भांडे स्थिर ठेवून गाळ बसू द्यावा. मग नळी पाण्यात पूर्ण बुडवून भरावी, एक टोक अंगठ्याने दाबून भांड्याबाहेर खाली न्यावे आणि अंगठा काढावा. दुसरे टोक वरच्या निवळ थरात धरले की गाळ न ढवळता पाणी आपोआप उतरते. ट्रॅक्टरचे डिझेल काढताना तोंडाने ओढायची सवय असते ती इथे नको. डिझेललाही नकोच, ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

आता घाटाखाली उतरू. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, भूजलच खारे. घाटावर लोणारचे सरोवर तर खारट आणि अल्कधर्मीही. क्षार पाण्यात विरघळलेले असतात. गाळणीने, क्लोरिनने, उकळण्याने ते जात नाहीत. त्यावर उपाय ऊर्ध्वपातनाचा. अमेरिकी कृषी खात्यातल्या रे जॅक्सन आणि कॉर्नेलियस व्हॅन बाव्हेल यांनी १९६५मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याची सोपी रीत मांडली. खड्डा खणायचा, मधोमध भांडे ठेवायचे, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने बंद करायच्या आणि मध्यावर खडा ठेवायचा. ओल्या मातीतल्या किंवा खड्ड्यात ओतलेल्या खाऱ्या पाण्याची वाफ प्लॅस्टिकला लागून भांड्यात ठिबकते, क्षार खाली राहतात. भांड्यातून बाहेर काढलेल्या नळीने पाणी पिता येते, प्लॅस्टिक उचलावे लागत नाही. युक्ती देखणी आहे, पण वैशाखात खड्डा खणताना जाणारा घाम बहुतेक वेळा मिळणाऱ्या पाण्यावर मात करतो. खणायचेच तर सूर्य कलल्यावर.

दोन-तीन किरकोळ कामे आणखी. निखारा फुलवायला नळीची फुंकणी होते, फक्त टोक आगीपासून लांब धरावे. आणि अभयारण्यात आग पेटवूच नये. पारदर्शक नळीत पाणी भरले की गवंड्याची पाणसळ तयार होते. पाणी फाउंडेशनच्या श्रमदानात समपातळी रेषा आखणारा हायड्रोमार्कर याच तत्त्वावर चालतो. तंबूभोवती चर काढताना तेवढी नळी पुरते.

एक वापर मात्र पूर्ण टाळावा. साप चावल्यावर रबरी नळीने हात-पाय करकचून आवळण्याची पद्धत अजून गावोगावी आहे. तिने रक्तपुरवठा तुटतो, आणि घोणस किंवा फुरशाचे विष आधीच पेशी मारत असते. त्यात अवयव गमावण्याच्या धोक्याची भर पडते. नळीने विष ओढून काढणेही व्यर्थ. चावलेला भाग हलू न देता १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे, प्रतिसर्पविष तिथेच मिळते.

नळी कोणती घ्यावी? अन्नासाठी वापरता येणारी सिलिकॉनची, आतून साधारण सहा मिलिमीटरची. ती उकळून घेता येते. पीव्हीसीची स्वस्त नळी उकळत्या पाण्यात लोळागोळा होते. घरात पडलेली ठिबकची लॅटरल खत-आम्ल वाहून आलेली असते, आणि फवारणी पंपाच्या नळीत कपाशीचे कीटकनाशक मुरलेले असते. या दोन्ही कितीही धुतल्या तरी पिण्याच्या कामाच्या नाहीत. वापरलेली सलाईनची नळीही नको. सहलीहून आल्यावर नळी उकळून, झटकून, उभी टांगून पूर्ण वाळवावी आणि दोन्ही टोकांना कापसाचे बोळे लावून ठेवावी, नाहीतर पुढच्या वेळी आत कुंभारमाशीचे घर सापडते.