वाडीतली गाडी रात्री ‘टिंग’ म्हणते तेव्हा

केळव्याला काकांच्या वाडीत, पानवेलींच्या पलीकडे पत्र्याच्या शेडखाली १९९६ची मारुती ८०० उभी आहे. दोन वर्षं जागची हललेली नाही. काका दर महिन्याला तिची बॅटरी चार्जिंगला लावतात, देवापुढच्या दिव्यात तेल घालावं तसं. यंदा गणपतीला गेलो तर उंबऱ्यातच काकू म्हणाल्या, “गाडी बोलते रे.”

काय बोलते? टिंग. मग बराच वेळ चिडीचूप. मग पुन्हा टिंग.

काकांचं मत, वायरिंग शॉर्ट. शेजाऱ्यांचं मत, उंदीर. आजीचं मत इथे छापत नाही.

कान दगा देतो तो इथेच

बॉनेटजवळ गेलो तर वाटलं डिकीतून आला. डिकीकडे गेलो तर वाटलं समोरच्या माडावरून आला. यात माझा दोष नाही. जाड, घुमणारा आवाज एका कानाला क्षणभर आधी पोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा काढतो. बारीक आवाजाला डोकं आडवं येतं, एका कानाला तो मोठा लागतो, दुसऱ्याला लहान. ही दुहेरी युक्ती लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७मध्ये मांडली. गंमत अशी, की साधारण २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात दोन्ही युक्त्या लंगड्या पडतात. आणि गाड्या, खेळणी, घड्याळं यांतले स्वस्त बझर नेमके याच पट्ट्यात किंवा आसपास बोंबलतात. वर आपला कान तिथेच सगळ्यात तिखट. म्हणजे आवाज स्वच्छ ऐकू येणार, सापडणार मात्र नाही. तोही अर्धा सेकंद वाजून गप्प झाला, तर मान वळवायलाही सवड मिळत नाही.

नातीला बोलवा

वय वाढतं तसे बारीक आवाज आधी जातात. जुना दूरदर्शनचा डबा आठवतो? चित्र येण्याआधीच ‘च्यीं’ अशी बारीक शीळ यायची. ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार १५,६२५ हर्ट्झ. मुलांना ती शेजारच्या घरातूनही कळायची आणि आजोबा म्हणायचे, टीव्ही बंदच आहे. गाडीतला एखादा सर्किटचा तुकडा अशीच शीळ घालत असेल तर साठीच्या मेकॅनिकपेक्षा आठ वर्षांची नात भरवशाची. आमच्या नातीने शेडभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि “शीळ नाहीये, नुसतं टिंग आहे” असा निकाल दिला. एक संशयित सुटला.

आधी ताल, मग पाना

आवाज कुठून येतो हे शोधत बसण्यापेक्षा तो कोणत्या तालात येतो हे पाहावं. गाडीचा प्रत्येक आजार आपापल्या तालात बोलतो.

किल्ली फिरवल्यावर मशीनगनसारखं कट-कट-कट-कट? सेल्फ बिघडलाय असं समजून लोक घाबरतात, पण बहुतेकदा बॅटरी मेलेली असते. सोलेनॉइड जीव एकवटून ओढतो, त्या ओढीने बॅटरी कोसळते, तो सोडतो. बॅटरी जराशी सावरते, तो पुन्हा ओढतो. (सेल्फ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. चार्ल्स केटरिंगने घडवलेला हा प्रकार १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारून मनगट मोडून घेण्याची चाल हळूहळू संपली.)

इंडिकेटर एरवी मिनिटाला ६० ते १२० वेळा टिकटिकतो. अचानक तो घाई करू लागला, की त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. किल्ली ऑन करताच मागच्या सीटखालून दोन सेकंद ‘हूंऽऽ’ आलं तर तो इंजेक्शनवाल्या गाडीचा पेट्रोल पंप, आजार नव्हे. रेडिओतली शीळ रेस दिल्यावर चढत असेल तर अल्टरनेटर गातोय. गाडी बंद केल्यावर खालून येणारी टिक-टिक इलेक्ट्रिकची नसतेच, सायलेन्सरचा पत्रा थंड होताना आकसतो त्याची असते. आणि रात्रभर एकसुरी गुणगुण असेल तर गाडी सोडा आणि रस्त्यावरच्या डीपीजवळ जाऊन कान द्या. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो त्याच्या दुपटीत, १००वर.

की रातकिडा?

हसू नका. रातकिड्याची किरकिरही बझरच्याच पट्ट्यातली, म्हणून तोही सापडत नाही. फरक एवढाच, की पाऊल वाजलं की रातकिडा गप्प होतो, बझरला तुमची भीती वाटत नाही. १८९७मध्ये एमॉस डॉलबेअर या अमेरिकन प्राध्यापकाने रातकिड्याला चक्क थर्मामीटर ठरवलं. त्याच्या सूत्राचं सोपं रूप असं, की आठ सेकंदांतल्या किरकिरी मोजा, पाच मिळवा, झालं सेल्सियसमधलं तापमान. हे तिकडच्या झाडावरच्या एका जातीला लागू पडतं. केळव्याच्या रातकिड्यांनी तो लेख वाचलेला नसावा.

खारा वारा, खरा चोर

किनाऱ्यावर उभी गाडी म्हटलं की माझा पहिला संशय मिठावर. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. त्यासाठी पाऊस लागत नाही. सुरूच्या बनातून येणारा वारा वायरच्या जोडांवर मिठाचा जो पातळ थर सोडतो, तो पावसाळ्यात ओलाच राहतो, आणि खारं पाणी वीज छान वाहून नेतं. तांब्यावर हिरवी बुरशी दिसते ती याच कारभाराची.

त्यातून भुताटकी जन्मते. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचं बटण फक्त अर्थ जोडतं, करंट आधीच येऊन थांबलेला असतो. वायर उंदराने सोलली आणि बॉडीला टेकली की हॉर्न आपोआप वाजतो. पहाटे हवा गार होते, ओल चढते, म्हणून असले प्रकार बहुधा पहाटेचे. भुतांचा मुहूर्तही तोच, हे त्यांचं दुर्दैव.

काकांनी हौसेने बसवलेला गाणारा रिव्हर्स हॉर्नही तपासला. अनेक सुरांचे हॉर्न १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसत नाहीत, पण तूर्त तो मुका होता, म्हणून कायदा आणि आम्ही दोघेही शांत.

निगेटिव्ह काढा, मग बोला

बोईसरहून आलेल्या वायरिंगवाल्याने मल्टीमीटर लावला. १२.४ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास असते, म्हणजे ठीकच. मग त्याने गाडी बंद असताना किती करंट गळतो ते पाहिलं. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालून जातं. पण ‘चालून जातं’ म्हणजे काय, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ३५ची बॅटरी २९ दिवसांत कोरडी. काकांचा मासिक नेम शास्त्रशुद्ध निघाला, त्याचा त्यांनी जेवताना तीनदा उल्लेख केला.

यानंतर एकेक फ्यूज काढायचा आणि कोणत्या फ्यूजला आवाज थांबतो ते पाहायचं. त्याआधी सगळ्यात मोठा सवाल, निगेटिव्हची वायर काढून आवाज थांबतो का? थांबला तर गाडीचा दोष. त्याने वायर काढली. आम्ही चहा घेतला.

टिंग.

वायरिंगवाल्याने पाना पिशवीत टाकला, पैसे मोजून घेतले आणि आजीकडे एक नजर टाकून स्कूटरला किक मारली.

आठ अकरा, नऊ अकरा

मग मी वही घेऊन शेडमध्ये बसलो. ८.११. ९.११. १०.११. बरोबर तासाने! पण तासाच्या ठोक्याला नाही, म्हणून दोन आठवडे कोणाच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. १०.११ला मी डॅशबोर्डच्या ड्रॉवरवर हात ठेवून होतो. आरसी बुक आणि मुदत संपलेल्या पीयूसींच्या प्लास्टिकच्या पाकिटात एक कॅसिओ एफ-९१डब्ल्यू.

हे घड्याळ १९८९पासून विकलं जातं, एक सेल सात वर्षं चालतो आणि महिन्याला तीस सेकंद मागेपुढे होण्याची मुभा त्याला कंपनीनेच दिलेली आहे. आतला क्वार्ट्‌झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की उरतो एक. मात्र हा तुकडा पंचवीस अंशांना खूश. तापला तरी मागे पडतो, गारठला तरी मागे पडतो. पत्र्याच्या शेडखालच्या बंद गाडीत दोन वर्षं, महिन्याला सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद, झाली अकरा मिनिटं.

वेळ मोजणारा तो क्वार्ट्‌झ आणि टिंग करणारी बझरची चकती, दोघांचं मूळ एकच, स्फटिक दाबला की वीज आणि वीज दिली की हालचाल. त्यातलं पहिलं पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८०मध्ये दाखवून दिलं. वर तारापूरला १९६९पासून अणुवीज तयार होते, त्यामुळे क्युरी हे नाव या भागात ओळखीचं, पण सगळं श्रेय किरणोत्साराला जातं.

दिवसाही ते दर तासाला वाजतच होतं म्हणा. वाडीतला पंप, कोंबड्या आणि काका यांच्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं.

“कोणाचं रे हे?” काकूंनी विचारलं. दोन वर्षांपूर्वी समुद्रात डुंबायला जाताना कोणीतरी काढून ठेवलेलं. पट्ट्याला अजून वाळू होती.

मी ते मुकाट्याने मनगटावर चढवलं आणि अकरा मिनिटं पुढे केलं.