दोन दिवसांचं मालवण

रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस धरली की सकाळी कुडाळ. तिथून मालवण साधारण 30 किलोमीटर. एसटी आणि रिक्षा मिळतात. मुक्काम शहरात नको, तारकर्ली-देवबागला करा. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी.

पहिली सकाळ सिंधुदुर्गाची. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. चहूकडे खारं पाणी, आत मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराचं मंदिर चुकवू नका. महाराजांची मूर्ती पुजली जाते ते हे दुर्मीळ ठिकाण. किल्ल्यात आजही माणसं राहतात, तेव्हा घरांच्या अंगणात डोकावून फोटो काढणं टाळा.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघा, मग तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी. हॉटेलपेक्षा घरगुती खाणावळच निवडा.

दुसऱ्या दिवशी स्कूबा डायव्हिंग करताना प्रवाळावर पाय टेकू नका, ते जिवंत असतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना किल्ल्याची होडी आणि स्कूबा दोन्ही बंद असतात; ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम.