भट्टी विकत घेण्यापूर्वी

रंगीत काचेचे तुकडे एकमेकांवर रचायचे, रात्री भट्टी लावायची आणि दुसऱ्या दिवशी एकजीव झालेली चकचकीत थाळी बाहेर काढायची. ग्लास फ्यूजिंग दिसायला इतकं सोपं आहे. दोन-चार थाळ्या ओळखीच्यांना आवडल्या की ‘आता हे विकायला काय हरकत आहे?’ असं वाटू लागतंच. हरकत काहीच नाही. पण छंदाचा धंदा करताना काही पक्क्या समजुती आड येतात आणि त्यांतली पहिली खुद्द काचेबद्दलची असते.

कुठलीही काच कुठल्याही काचेला जुळते, ही ती समजूत. भट्टीत तसं दिसतंही. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला दोन्ही काचा मऊ होऊन एक होतात. खरी अडचण थंड होताना येते, कारण प्रत्येक काच आपापल्या प्रसरणांकानुसार आकसते. फ्यूजिंगच्या काचेवर ९० किंवा ९६ असा आकडा छापलेला असतो, तो याचाच. ९० आणि ९६ च्या ३० सेंटीमीटर लांब पट्ट्या ५०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला आल्या, तर त्यांच्या आकसण्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकाही फरक पडत नाही. तरी तेवढा ताण तडा जायला पुरतो. कधी भट्टीतच, तर कधी महिन्यांनी, गिऱ्हाइकाच्या घरी.

याची परीक्षा घरच्या घरी होते. पारदर्शक काचेच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा छोटा तुकडा वितळवून बसवायचा, पट्टी सावकाश थंड करायची आणि दोन पोलरायझिंग फिल्मच्या मध्ये धरून उजेडासमोर न्यायची. एक फिल्म काटकोनात फिरवली की सगळं काळं होतं. त्या काळोखात एखाद्या तुकड्याच्या कडेने पांढरट उजेड दिसला, तर तिथे ताण आहे. तो रंग त्या काचेबरोबर वापरायचा नाही. अमेरिकेत पोर्टलंडला १९७४ साली तिघांनी सुरू केलेल्या बुल्सआय कंपनीने अशा तपासून जुळवलेल्या काचा बाजारात आणल्या, तेव्हा कुठे लहान स्टुडिओंना भरवशाने काम करता येऊ लागलं.

काच घट्ट झाली म्हणजे काम संपलं, हाही तसाच गैरसमज. बुल्सआयच्या काचेची सहा मिलिमीटर जाडीची थाळी साधारण ४८२ अंशांवर तासभर थांबवावी लागते आणि नंतरही हळूहळू उतरवावी लागते. यालाच अॅनीलिंग म्हणतात. जाडी दुप्पट केली की थांबण्याचा वेळ दोन तासांवर जातो, २५ मिलिमीटरला चार तासांवर. पुढचं थंड करणं तर याहून कितीतरी लांबतं. जाड वस्तूची किंमत वाढते ती नुसत्या काचेमुळे नाही, तिने भट्टी अडवून ठेवल्यामुळे.

आणि किमतीच्या हिशेबात सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नवखा कारागीर काच, वीज आणि खोकं यांची बेरीज करतो, वर थोडा नफा लावतो. भट्टीचे दिवस तो मोजतच नाही. वाडगा करायचा तर आधी सपाट चकती फ्यूज करावी लागते, मग साच्यावर ठेवून सुमारे ६५० अंशांना वाकवावी लागते. म्हणजे एका वाडग्याला दोन भट्ट्या. दिवसाला एकच भट्टी लागत असेल आणि तीत एकच मोठी चकती मावत असेल, तर सहा दिवसांत तीनच वाडगे होतात. त्याच भट्टीच्या ४० सेंटीमीटरच्या फळीवर दहा-दहा सेंटीमीटरचे नऊ कोस्टर एका वेळी बसतात. वाडगा करूच नये असं नाही. त्याची किंमत भट्टीच्या दोन दिवसांच्या मानाने लागली पाहिजे, एवढंच.

महागडी आयात काच आणि मोठं कारखानी भांडवल हवंच, असंही मानलं जातं. पण शिकागोच्या मायकेल आणि फ्रान्सेस हिगिन्स या जोडप्याने १९४८ साली राहत्या घरात स्टुडिओ काढला. साध्या तावदानी काचेच्या दोन थरांमध्ये ते इनॅमलचे रंग भरत, आणि त्यांच्या थाळ्या बड्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विकल्या जात. पुढे काही वर्षं त्यांनी डिअरबॉर्न ग्लास कंपनीसाठी मोठ्या प्रमाणावर माल काढला, पण १९६६ साली शिकागोजवळच्या रिव्हरसाइडला पुन्हा स्वतःचाच स्टुडिओ थाटला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. तावदानी काच मात्र फ्यूजिंगच्या काचेपेक्षा जास्त उष्णता मागते आणि तिच्यावर दुधाळ साय चटकन धरते.

आयात रंगांवरच धंदा उभा असेल, तर २०१६ आठवावं. त्या वर्षी पोर्टलंडच्या झाडांवरच्या शेवाळात कॅडमियम सापडलं, त्याचा माग बुल्सआयच्या कारखान्यापर्यंत गेला आणि काही रंगांचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी स्पेक्ट्रम ही दुसरी मोठी कंपनी बंद झाली. ठरावीक रंगावर ऑर्डर घेतलेल्यांची मोठी अडचण झाली. म्हणून नेहमी लागणारे रंग थोडे जादा आणून ठेवावेत.

काच म्हणजे काच, तिच्यात जेवायला काय भीती? काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असतं, काहींत शिसं. ताट किंवा वाटी जेवणासाठी म्हणून विकायची, तर तयार वस्तू प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. नाहीतर ‘शोभेसाठी’ असं स्पष्ट लिहावं. भट्टीच्या फळीवरचा लेप खरवडताना उडणारी धूळही फुप्फुसांना घातक असते. तिथे नाकाला रुमाल बांधून भागत नाही, चांगल्या प्रतीचा मास्कच लागतो.

राहिली सरकारी कागदपत्रं. त्यांची धास्ती उगाच घेतली जाते. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा झाला की नियम बदलतात, तेव्हा सल्लागाराला विचारूनच पाठवावा. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारा कोणी भेटला, तर त्याला सरळ नाही म्हणावं.